केमो सुरू असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी

मॅरेथॉनचा कुठलाही प्लॅन शर्यतीच्या रविवारपासून मागे मोजत येतो. सोळा आठवडे आधी हे, आठ आठवडे आधी ते, शेवटचे दोन आठवडे आराम. केमो चालू असलेल्या माणसाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे आठवडे आधीच दुसऱ्या कुणीतरी आखून ठेवलेले असतात. म्हणून सराव शर्यतीच्या तारखेला बांधायचा नाही, केमोच्या तारखांना बांधायचा. शर्यत कुठे आणि किती किलोमीटरची, हे त्यातून मग आपोआप ठरतं. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीच्या अंमलबजावणीबद्दल आहे.

हे लिहिते आहे ते आधीपासून धावणाऱ्यांसाठी, म्हणजे आजार कळण्यापूर्वी निदान दहा किलोमीटर आरामात पळणाऱ्यांसाठी. ज्यांनी कधीच धावलेलं नाही त्यांनी उपचार चालू असताना धावायला सुरुवात करू नये. त्यांनी चालावं, आणि चालणं काही कमी नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. केमो संपल्यावर तीन वर्षं ज्यांच्याकडून नियमित व्यायाम करून घेतला, त्यांच्यापैकी ८०.३ टक्के लोक पाच वर्षांनंतर आजारमुक्त होते. ज्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यात हे प्रमाण ७३.९ टक्के होतं. त्या व्यायामाचं प्रमाण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास ते तासभर झपाझप चालण्याइतकं होतं. मॅरेथॉन पळाल्याने कर्करोग बरा होतो, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. शर्यत आपण आपल्या हौसेसाठी धरतो, आणि हौस हे पुरेसं कारण आहे. फक्त तिला औषध म्हणू नये.

उदाहरण म्हणून एकच वेळापत्रक धरते. स्तनाचा कर्करोग, मे महिन्याच्या शेवटी शस्त्रक्रिया, १ जुलैपासून दर २१ दिवसांनी केमो, एकूण आठ. पहिल्या चार वेळा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, पुढच्या चार वेळा पॅक्लिटॅक्सेल. आठवी केमो येते २५ नोव्हेंबरच्या सुमाराला. मग तीन-चार आठवड्यांनी रेडिएशन, १५ बैठका. डोळ्यासमोर मुंबई मॅरेथॉन, जी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तुमची औषधं वेगळी असतील, पण हिशेबाची पद्धत हीच.

पायरी १ : डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. “डॉक्टर, धावू का?” असं विचारलं तर “हलकं चालत राहा” किंवा “आत्ता कशाला?” यापैकी एक उत्तर येतं, आणि दोन्ही निरुपयोगी. उपचारांदरम्यान व्यायाम करावा हे आता मुख्य प्रवाहातलं मत आहे. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. त्यामुळे परवानगीपेक्षा मर्यादा विचारा. कागदावर लिहून न्या:

– माझ्या औषधांपैकी हृदयावर परिणाम करणारं कोणतं? टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, किती आलं आणि पुढचा इको कधी?
– आजार हाडांत आहे का? असल्यास मणका, खुबा, मांडीचं हाड यांपैकी कुठे?
– हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स कितीच्या खाली गेले तर मी धावणं थांबवायचं?
– टाके पूर्ण भरलेत का, हात खांद्याच्या वर नेण्यावर काही बंधन आहे का?
– रात्री-अपरात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख बाजूला ठेवा. हाडांत आजार असताना धावण्याचा निर्णय ऑर्थोपेडिक आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी स्कॅन समोर ठेवून करायचा असतो. धावणाऱ्या मित्रांचा त्यात काही संबंध नाही.

मोठ्या कर्करोग रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. तिथे जा. धावण्याबद्दल ऑन्कोलॉजिस्टपेक्षा त्यांच्याशी बोलणं बऱ्याचदा सोपं जातं.

पायरी २ : अंतर खाली आणा

माझं स्पष्ट मत सांगते : केमो चालू असताना पूर्ण मॅरेथॉन नाही. अर्धी मॅरेथॉन शेवटच्या केमोनंतर निदान चार-पाच महिन्यांनी. वरच्या वेळापत्रकात जानेवारीत बसते ती दहा किलोमीटरची शर्यत, तीही धाव-चाल पद्धतीने. नोंदणी साधारण ऑगस्टच्या आसपास सुरू होते, म्हणजे तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या केमोच्या वेळी. तेव्हा अंगात तिसऱ्या आठवड्याची उमेद असली की बोट थेट अर्ध्या मॅरेथॉनवर जातं. जाऊ देऊ नका. आणि भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, असं आधीच मनाशी ठरवून मगच नोंदणी करा. नाहीतर ती फी तुम्हाला नको त्या दिवशी रस्त्यावर काढते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन खुणावत असेल तर ती आणखी एक वर्ष पुढे. यवतेश्वरचा घाट कुठे पळून जात नाही.

न्यूयॉर्क मॅरेथॉनचा संस्थापक फ्रेड लेबो याला १९९० मध्ये मेंदूचा कर्करोग झाला. उपचार घेऊन, आजार आटोक्यात आल्यावर तो स्वतःच्या शर्यतीत धावला १९९२ मध्ये. सोबत होती ग्रेटे वाइट्झ, ती शर्यत नऊ वेळा जिंकलेली. दोघांना ५ तास ३२ मिनिटं लागली. या गोष्टीत लोक अश्रू बघतात, मी मधली दोन वर्षं बघते. आणि हेही, की एवढी मोठी धावपटू आपल्या नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ घेऊन त्याच्या बरोबर राहिली. तुम्हालाही असा एक सोबती लागेल. घड्याळ न बघणारा.

पायरी ३ : एकवीस दिवसांची सायकल

सगळा सराव इथे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोचा दिवस लाल पेनाने करा आणि तिथून पुढे मोजा.

केमोचा दिवस. सकाळी वीस मिनिटं चालून या, बस. डॉक्सोरुबिसिनचा रंग लाल असतो आणि त्यानंतर दिवस-दोन दिवस लघवीही लालसर होते. धावणाऱ्याला लघवीत रक्त दिसलं की छातीत धस्स होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. मात्र त्यानंतरही तो रंग राहिला तर फोन करा.

दिवस १ ते ३. हे फसवे दिवस. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं स्टेरॉइड अंगात असतं. रात्री झोप येत नाही आणि सकाळी वाटतं, मला तर काहीच झालं नाही! नवीन लोक याच दिवसांत आठ-दहा किलोमीटर काढतात आणि चौथ्या दिवशी पलंगावरून उठत नाहीत. फक्त अर्धा तास चाला. केमोनंतर काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) वाढवण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. ते स्नायूंचं दुखणं नसतं, हाडाच्या आतला मगज कामाला लागलेला असतो. स्ट्रेचिंगने ते जाणार नाही. आणि त्यावर मनाने ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम घेऊ नका : प्लेटलेट्स उतरणार असतात आणि अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, काही केमोंबरोबर मूत्रपिंडालाही त्रास होतो. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

दिवस ४ ते ६. स्टेरॉइड उतरलं, अंग शिसं झालं. तोंडाला चव नाही, चहाचा वाससुद्धा नको. या दिवसांचं उद्दिष्ट एकच : दिवसातून तीनदा दहा मिनिटं उभं राहून चालणं. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, पावसात घरातल्या घरात. हे सराव म्हणून डायरीत लिहा, कारण तो सरावच आहे. पूर्ण झोपून काढलेल्या तीन दिवसांची किंमत पुढच्या आठवड्यात मोजावी लागते.

दिवस ७ ते १४. अंगात थोडी धुगधुगी येते, पण पांढऱ्या पेशी नेमक्या याच काळात तळाला असतात. त्रास दिसत नाही म्हणून हा आठवडा सगळ्यात जोखमीचा. जिम बंद, ग्रुप रन बंद, लग्न-मुंजीत हजेरी बंद. सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, एकटं किंवा एकाच सोबत्याबरोबर. आठव्या-नवव्या दिवसापासून दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल अशी वीस-पंचवीस मिनिटं, एक दिवसाआड. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलंच पाहिजे.

जुलै-ऑगस्टात इथे आणखी एक धोका असतो. काउंट खाली असताना साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, घोट्याइतकं असलं तरी. भेगाळलेल्या पायांतून लेप्टोस्पायरोसिस शिरायला तेवढं पुरतं. मुसळधार पावसात भिजत धावण्याची मजा या वर्षी सोडून द्यायची.

दिवस १५ ते २०. हा तुमचा आठवडा. भूक परतते, जिभेवर चव येते, पायऱ्या चढताना धाप कमी लागते. तीन दिवस धावा : दोनदा अर्धा-पाऊण तास, एकदा लांब. लांब म्हणजे किती? आजारापूर्वीच्या तुमच्या साध्या लाँग रनच्या निम्मं, आणि वेळेत मोजलं तर सव्वा तासाच्या आत. वेगाचा सराव नाही, इंटरव्हल नाही, चढावर जोर नाही. लाँग रन अठराव्या दिवसापर्यंत उरका. पुढच्या केमोला थकलेलं शरीर घेऊन जाऊ नका. केमोच्या आदल्या दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) असते, तिचे आकडे डायरीत त्याच पानावर लिहा.

एका सायकलमध्ये मिळून धावण्याचे खरे दिवस सहा-सात भरतात. ऐकायला कमी वाटतं. आठ सायकलींत ते पन्नासच्या घरात जातात, आणि तेवढ्यावर दहा किलोमीटरचं शरीर टिकतं. इथे टिकवायचंच आहे, वाढवायचं नाही. पाचव्या सायकलमधला लाँग रन दुसऱ्या सायकलमधल्यापेक्षा छोटा झाला तरी प्लॅन चुकला असं समजू नका. केमोचा थकवा साठत जातो.

दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्यांना ही लाट अशी स्पष्ट दिसत नाही. त्यांनी केमोचा दिवस आणि त्यानंतर ज्या दोन दिवशी नेहमी गळून जायला होतं ते दिवस हलके ठेवावेत, बाकीच्यांपैकी दोन दिवस धावावं.

पायरी ४ : बूट घालण्याआधी

रोज सकाळी चहाच्या आधी थर्मामीटर लावा आणि मनगटावर नाडी मोजा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर ही धावण्याची नव्हे, रुग्णालयाची सकाळ आहे. आधी क्रोसिन घेऊन ‘बघू उतरतो का’ म्हणायचं नाही. ताप झाकला जातो आणि मोलाचे तास जातात. थेट फोन.

नाडी नेहमीपेक्षा दहा-बाराने जास्त असेल तर फक्त चालणं. रक्त कमी झालं की हृदय जास्त ठोके मारून तूट भरून काढतं, म्हणून घड्याळातले जुने हार्ट रेट झोन या काळात कामाचे नाहीत. ते बंद करून ठेवा. शून्य ते दहाच्या पट्टीवर श्रम किती वाटतात, तेवढं बघा. तीन-चारच्या वर जायचं नाही.

गेल्या २४ तासांत उलट्या किंवा जुलाब झाले असतील, चक्कर येत असेल, तोंडात इतके छाले असतील की पाणी पिता येत नाही, तर धावणं रद्द. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तेव्हाही रद्द. प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर धावण्याचे धक्के नकोत, जपून चाला. २०,००० च्या खाली तर डॉक्टर सांगतील तेवढीच हालचाल.

आणि रस्त्यात छातीत दुखलं, छाती धडधडली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर तिथेच थांबा. कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढलेली असते. पोटरी ‘भरून आली’ म्हणून चोळत बसू नका. धावणाऱ्यांना दुखणं अंगावर काढायची सवय असते, तिचा इथे काही उपयोग नाही.

पायरी ५ : औषधाप्रमाणे बदल

पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की पायांच्या बोटांना मुंग्या येतात, पुढे तळवा बधिर होतो. जमीन नीट लागत नाही, म्हणून अंधारात, खडबडीत फूटपाथवर, ट्रेलवर धावू नका. सपाट ट्रॅक किंवा मैदान शोधा. बधिरपणा वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा, गप्प बसू नका. मात्रा कमी करता येते. घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून एका पायावर अर्धा मिनिट उभं राहण्याचा सराव रोज करा. पायांची नखंही सैल होतात, काळी पडतात. बूट अर्ध्या नंबराने मोठे घ्या.

ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्यांना गार हवा आणि गार पाणी सोसत नाही; घशात आवळल्यासारखं होतं, बोटांत सुया टोचतात. डिसेंबरातली नाशिक-पुण्याची पहाट त्यांच्यासाठी नाही. ऊन आल्यावर निघा, पाणी कोमट न्या.

केपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळवे लाल होऊन सोलतात आणि घासण्याने ते वाढतं. त्या दिवसांत धावणं सोडून स्थिर सायकल. याच गोळ्यांवर छातीत दुखलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर चालतं आणि दर तीन महिन्यांनी इको होतो. इको बाकी असेल तर अंतर वाढवू नका.

पायरी ६ : ताकद, आणि अंगावरच्या बारीकसारीक गोष्टी

आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं : खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, पायरीवर टाचा उचलणं, भिंतीला टेकून पुश-अप्स, रबर बँड. स्टेरॉइड आणि पलंग मिळून मांड्यांचे स्नायू खातात, आणि दहा किलोमीटरच्या शेवटच्या दोनात तेच लागतात.

शस्त्रक्रियेच्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर लक्ष ठेवा. पाण्याची बाटली दुसऱ्या हातात किंवा कमरेच्या पट्ट्यात. धावताना मधूनमधून मूठ उघड-मीट करा. अंगठी घट्ट झाली की फिजिओकडे. पोर्टवर (केमो देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवलेल्या डबीवर) बॅगचा पट्टा येऊ देऊ नका; पिक लाइन (दंडातून घातलेली केमोची नळी) असेल तर पोहणं बंद.

केस गेल्यावर टोपी लागते हे सगळ्यांना कळतं. भुवया आणि पापण्या गेल्या की घाम थेट डोळ्यांत उतरतो, हे पहिल्या लाँग रनलाच कळतं. कपाळाला घामपट्टी बांधा. नाकातले केसही जातात, नाक गळत राहतं. रुमाल खिशात ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात आठच्या आत घरी.

पायरी ७ : खाणं-पिणं

वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ ते नव्वद ग्रॅम. वरण-भातावर हे भरत नाही. नीट उकडलेली अंडी, मुगाचं धिरडं, पनीर, घट्ट शिजवलेलं पिठलं, मासे पचत असतील तर मासे. तोंड आलं असेल तेव्हा तिखट बाजूला. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची पेज. काउंट खाली असताना उघड्यावरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, हॉटेलातली हिरवी चटणी नको, आणि रन संपल्यावरचा टपरीवरचा वडापावही नको. हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

नातेवाईक गुळवेल, अश्वगंधा, कसले कसले काढे आणून देतील. प्रेमानेच आणतात. त्यांना हो म्हणा, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. केमोची बरीच औषधं यकृतातून जातात आणि तिथे आणखी ओझं नको.

पायरी ८ : शेवटच्या केमोपासून शर्यतीपर्यंत

नोव्हेंबरच्या शेवटी केमो संपली की सगळे पेढे वाटतात आणि तुम्हाला वाटतं, आता पळू. रक्त भरून यायला आणखी काही आठवडे जातात. पहिले दोन आठवडे जुन्या सायकलप्रमाणेच काढा. मग डिसेंबरात आठवड्यातून तीन धावा, लाँग रन दर आठवड्याला पाच-सात मिनिटांनीच वाढवत. रेडिएशन सुरू झाल्यावर पहिला आठवडा सोपा जातो, थकवा नंतर चढतो आणि बैठका संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, म्हणजे नेमका शर्यतीपर्यंत. त्यामुळे सगळ्यात लांब धाव रेडिएशनच्या पहिल्या आठवड्यात : आठ किलोमीटर. त्या बाजूची कातडी लालसर होते; घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि घाम मिळून ती सोलते. सैल सुती कपडा घाला, धावून आल्यावर कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, आणि विभागाने सांगितलेल्या मलमाखेरीज काही लावू नका. मुंबईची हवा या दिवसांत खराब असते. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातच व्यायाम.

कातडी फुटली असेल, ताप येऊन गेला असेल किंवा शर्यतीच्या आठवड्यातली सीबीसी मनासारखी नसेल, तर बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्या आणि धावू नका.

पायरी ९ : शर्यतीचा दिवस

बिबच्या मागे लिहा : आजार, शेवटच्या केमोची तारीख, चालू औषधं, कोणत्या हाताला सुई आणि रक्तदाबाचा पट्टा लावायचा नाही, घरच्यांचा नंबर. सुरुवातीच्या गर्दीत मास्क लावून सगळ्यात मागे उभे राहा. पहिल्या मिनिटापासून तीन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. दमल्यावर चालायला लागणं म्हणजे उशीर झाला. पाणी स्वतःचं, ओआरएस घातलेलं. जेल सरावात पचलं नसेल तर शर्यतीतही नको, खजूर ठेवा. घरच्या माणसाला पाच-सहा किलोमीटरवर उभं करा आणि आदल्या रात्रीच ठरवा की तिथे तो म्हणाला “पुरे” तर पुरे. वाद घालायचा नाही. सुट्टे पैसे किंवा फोन जवळ असू द्या, म्हणजे तिथून टॅक्सी करून घरी येता येईल.

पोहोचल्यावर गर्दीत फोटोसाठी ताटकळू नका, ओले कपडे बदला. पुढचे चार दिवस पुन्हा थर्मामीटर आणि नाडी. पाचव्या दिवशी वाटलं तर चालायला जा. अर्ध्या मॅरेथॉनचा विषय पुढच्या फॉलोअपला, इकोचा रिपोर्ट हातात आल्यावर काढायचा.